बिली बोस्टन यांचा ‘सर’ किताब आणि विगनच्या आठवणी

ब्रिटनचे राजे तिसरे चार्ल्स यांनी १० जून २०२५ रोजी बकिंगहॅम राजवाड्यात बिली बोस्टन यांना ‘सर’ हा किताब प्रदान केला. रग्बी लीग या खेळातील कामगिरीसाठी हा बहुमान मिळवणारे ते पहिलेच खेळाडू ठरले. हा खेळ १८९५ मध्ये सुरू झाला. म्हणजे पहिला ‘सर’ मिळण्यासाठी त्याला १३० वर्षे थांबावे लागले. बोस्टन त्या वेळी नव्वद वर्षांचे होते आणि २०१६ मध्ये त्यांना स्मृतिभ्रंशाचे निदान झाले होते. म्हणूनच राजाच्या वाढदिवसानिमित्त दिल्या जाणाऱ्या सन्मानांची यादी जाहीर होण्याची वाट न पाहता त्यांच्यासाठी स्वतंत्र समारंभ योजण्यात आला.

उत्तर इंग्लंडमधील विगन शहरात या वृत्ताचा आनंद झाला, पण बोस्टन कोण हे तेथे कोणाला सांगावे लागले नाही. तेथील जुन्या पिढीच्या आठवणीतले बोस्टन केवळ मैदानावर दिसणारे नाहीत. खेळातून निवृत्त झाल्यावर त्यांनी सेंट्रल पार्क या विगनच्या तत्कालीन मैदानाजवळ ‘ग्रिफिन’ नावाचा पब चालवला. ज्यांनी लहानपणी वडिलांचा हात धरून त्यांचा खेळ पाहिला, त्यांना मोठेपणी तोच माणूस पेला भरून देत असे. विख्यात खेळाडूला भेटणे म्हणजे रक्षकांच्या कड्यातून क्षणभर दर्शन घेणे, असा आजचा अनुभव आहे. विगनमध्ये त्यासाठी फक्त दार ढकलावे लागे. चाहत्यांच्या आठवणी म्हणूनच साध्या असतात: हस्तांदोलन, एखादी सही, सामन्यावरून झालेले दोन शब्द. प्रत्येक घरात अशी एक तरी आठवण असावी, असे हे नाते होते.

खेळाडू आणि प्रेक्षक यांच्यातील ही जवळीक केवळ बोस्टन यांच्या सौजन्यातून आलेली नव्हती. तिचे मूळ या खेळाच्या जन्मकथेत आहे. एकोणिसाव्या शतकात रग्बीचे नियंत्रण लंडनमधील सुखवस्तू वर्गाच्या हाती होते आणि खेळाडूने पैसे घेणे त्यांना मान्य नव्हते. यॉर्कशर आणि लँकेशरमधील खाण कामगार व गिरणी कामगार शनिवारी खेळायला गेले की त्यांची मजुरी बुडे. ती भरून द्यावी, एवढीच उत्तरेकडील क्लबांची मागणी होती. ती फेटाळली गेल्यावर ऑगस्ट १८९५ मध्ये हडर्सफील्ड येथील जॉर्ज हॉटेलात या क्लबांनी वेगळी चूल मांडली. पुढे नियम बदलले, पंधराऐवजी तेरा खेळाडूंचा संघ आला आणि रग्बी लीग हा स्वतंत्र खेळ झाला. पण त्याचे खेळाडू त्याच गल्ल्यांत राहत आणि बहुतेक जण आठवडाभर दुसरी नोकरीही करत. मूळ रग्बीने, म्हणजे रग्बी युनियनने, लीग खेळणाऱ्यास आपले दार कायमचे बंद केले. तेथे मोबदल्यावरील बंदी १९९५ पर्यंत टिकली.

बोस्टन यांच्या आयुष्याला वळण लागले ते या बंद दारामुळेच. त्यांचा जन्म १९३४ मध्ये वेल्समधील कार्डिफच्या गोदी भागात झाला. वडील सिएरा लिओनचे, आई आयरिश वंशाची. कार्डिफ क्लबकडून रग्बी युनियन खेळावे, हे त्या मुलाचे स्वप्न होते. शालेय संघाचे नेतृत्व करूनही ते निमंत्रण कधी आले नाही. त्यामागे कातडीचा रंग होता, असे मानणारे पुष्कळ आहेत आणि ते चुकीचे वाटत नाही. मार्च १९५३ मध्ये विगनचे पदाधिकारी त्यांच्या घरी आले. त्यांना परतवून लावण्यासाठी आईने तीन हजार पौंडांची भरमसाट रक्कम सांगितली आणि पाहुण्यांनी ती मान्य केली, असे सांगतात. सही झाली आणि युनियनकडे परतण्याचा मार्ग मिटला.

त्यांच्या पहिल्या सामन्याला, तोही विगनच्या दुय्यम संघाचा, आठ हजारांहून अधिक प्रेक्षक जमले. पुढील पंधरा वर्षांत त्यांनी विगनसाठी ४८८ सामन्यांत ४७८ ट्राय नोंदवल्या. प्रतिस्पर्ध्याच्या रेषेपलीकडे चेंडू जमिनीला टेकवला की एक ट्राय होते. सरासरी जवळजवळ सामन्याला एक. सर्व संघांसाठी मिळून ५७१ ट्राय ही त्यांची एकूण कामगिरी, आणि खेळाच्या इतिहासात त्यांच्यापुढे केवळ ऑस्ट्रेलियाचे ब्रायन बेव्हन आहेत. १९५४ मध्ये ब्रिटनच्या संघासोबत ऑस्ट्रेलिया व न्यूझीलंडच्या दौऱ्यावर जाणारे ते पहिले कृष्णवर्णीय खेळाडू ठरले आणि त्या दौऱ्यात अठरा सामन्यांत त्यांनी ३६ ट्राय केल्या.

हे आकडे असूनही १९५७ चा प्रसंग टळला नाही. ऑस्ट्रेलियातील विश्वचषकानंतर ब्रिटनचा संघ दक्षिण आफ्रिकेत प्रदर्शनीय सामने खेळण्यास गेला. वर्णभेदी राजवटीमुळे बोस्टन यांना तेथे खेळता येणार नव्हते, म्हणून ते वेगळ्या मार्गाने मायदेशी परतले. संघ मात्र गेला. चाहत्यांच्या जिव्हाळ्याच्या आठवणींत हा तपशील क्वचितच येतो. तो अधिकृत इतिहासातही फार काळ कोपऱ्यात राहिला.

सन्मानाला झालेल्या विलंबाचे कारण एकाच व्यक्तीच्या वर्णात शोधणेही अपुरे ठरेल. क्रिकेट, फुटबॉल आणि रग्बी युनियनमधील खेळाडूंना ‘सर’ किताब मिळत असताना रग्बी लीगमधील एकाही खेळाडूचे नाव, गोरा असो वा काळा, पुढे आले नव्हते. उत्तरेकडील श्रमजीवी शहरांचा खेळ राजधानीतील समित्यांच्या नजरेस पडत नसे. विगनच्या खासदार लिसा नँडी याच २०२५ मध्ये संस्कृती व क्रीडा खात्याच्या मंत्री होत्या, हा योगायोग दुर्लक्षिण्याजोगा नाही.

दरम्यान, या खेळातील अनेक माजी खेळाडूंनी डोक्याला वारंवार बसलेल्या आघातांमुळे मेंदूचे विकार जडल्याचा दावा करत ब्रिटनमधील नियामक संस्थेविरुद्ध कायदेशीर लढा सुरू केला आहे. बोस्टन यांचा स्मृतिभ्रंश मेंदूच्या रक्तवाहिन्यांशी निगडित प्रकारचा असल्याने त्यांची या प्रकरणाशी सरळ सांगड घालता येणार नाही. तरीही ज्यांचे पराक्रम प्रेक्षकांना तोंडपाठ आहेत, त्यांच्याच स्मृतीची हानी व्हावी, ही बाब विगनमध्ये हळहळीने बोलली जाते.

सेंट्रल पार्कवरील शेवटचा सामना सप्टेंबर १९९९ मध्ये झाला आणि त्या जागी सुपरमार्केट उभे राहिले. नव्या मैदानातील एका प्रेक्षागाराला बोस्टन यांचे नाव आहे. २०१६ मध्ये चाहत्यांच्या वर्गणीतून शहराच्या मध्यभागी त्यांचा पुतळा उभारला गेला. ज्या कार्डिफने त्यांना कधी बोलावले नव्हते, तेथील गोदी भागातही जुलै २०२३ मध्ये त्यांच्या पुतळ्याचे अनावरण झाले. त्याच शहरात जन्मून खेळण्यासाठी उत्तरेला गेलेले क्लाइव्ह सलिव्हन आणि गस रिस्मन त्या शिल्पात त्यांच्यासोबत आहेत.