नियंत्रण कक्षाचे दार कोणासाठी उघडावे?

देशाच्या वीजवहनाची सूत्रे ज्या दालनांतून हलविली जातात, ती दालने सर्वसामान्य नागरिकांना पाहण्यासाठी खुली करावीत काय, हा प्रश्न वरकरणी किरकोळ वाटेल. मात्र भारप्रेषण केंद्रे चालविणाऱ्या सार्वजनिक कंपन्यांपुढे तो आहे, आणि त्याचे सोपे उत्तर उपलब्ध नाही. विद्यार्थ्यांना आत घ्यावे, तर सुरक्षेची चिंता. कोणालाच घेऊ नये, तर ज्यांच्या पैशावर ही यंत्रणा उभी आहे, त्यांनाच ती अनोळखी राहते.

प्रथम या दालनात काय चालते, ते पाहू. दिल्लीतील राष्ट्रीय भारप्रेषण केंद्र आणि त्याच्या अखत्यारीतील पाच प्रादेशिक केंद्रे ‘ग्रिड कंट्रोलर ऑफ इंडिया’ ही केंद्र सरकारची कंपनी चालविते. २०२२ पर्यंत तिचे नाव ‘पोसोको’ असे होते. राज्यांची केंद्रे वेगळी आहेत. महाराष्ट्रात हे काम महापारेषण कंपनीकडे आहे. ‘नियंत्रण’ या शब्दामुळे एक कळ दाबताच सारे काही घडते असा समज होतो. प्रत्यक्षात येथील अभियंत्यांचा बराचसा वेळ दूरध्वनीवर सूचना देण्यात जातो: अमुक संचाचे उत्पादन कमी करा, तमुक राज्याने भार उतरवावा. मागणी आणि उत्पादन यांचा मेळ बसला, तर वारंवारिता ५० हर्ट्झच्या आसपास राहते. बिघडला, तर ती हलते. रायचूर-सोलापूर वाहिनीमुळे ३१ डिसेंबर २०१३ रोजी दक्षिणेचे ग्रिड उर्वरित देशाशी समकालिक जोडले गेले. तेव्हापासून तामिळनाडूतील संच आणि पंजाबातील पंप एकाच तालावर चालतात.

५ एप्रिल २०२० च्या रात्री नऊ वाजता नऊ मिनिटे दिवे मालवण्याचे आवाहन करण्यात आले, तेव्हा देशाची मागणी सुमारे ३१ हजार मेगावॉटने घसरली आणि लगेच पुन्हा चढली. जलविद्युत केंद्रांच्या साह्याने हा हेलकावा सांभाळण्यात आला. देशातील बहुसंख्य नागरिकांना या कामगिरीची कल्पनाही आली नाही. दारे उघडावीत, असे म्हणणाऱ्यांचा पहिला मुद्दा हाच आहे.

दुसरा मुद्दा अधिक बोचरा आहे. ३० आणि ३१ जुलै २०१२ रोजी ग्रिड कोसळून देशाचा अर्धाअधिक भाग अंधारात गेला, तेव्हा राज्ये एकमेकांकडे बोट दाखवीत राहिली. १२ ऑक्टोबर २०२० रोजी मुंबईची वीज गेली, लोकलगाड्या जागीच थांबल्या. पुढे मार्च २०२१ मध्ये राज्याचे तत्कालीन गृहमंत्री अनिल देशमुख यांनी सायबर घातपाताची शक्यता वर्तविली, तर तत्कालीन केंद्रीय ऊर्जामंत्री आर. के. सिंह यांनी मानवी चूक हेच कारण असल्याचे सांगितले. बंद दाराआडच्या घटनेची अशी दोन स्पष्टीकरणे समोर आली, की नागरिकाने कोणावर विश्वास ठेवावा?

येथे एक गफलत टाळली पाहिजे. शांत दिवशी भिंतीवरचा भव्य पडदा पाहून आलेल्या पाहुण्याला वीज का गेली हे कळणार नाही. त्यासाठी चौकशीचे अहवाल संपूर्ण आणि वेळेवर प्रसिद्ध व्हावे लागतात. २०१२ च्या चौकशी समितीचा अहवाल प्रसिद्ध झाला. त्यातून बिना-ग्वाल्हेर-आग्रा वाहिनीवरील ताणापासून राज्यांच्या जादा उचलीपर्यंतची साखळी सर्वांना वाचता आली. दालनाची सहल ही त्या अहवालाची जागा घेऊ शकत नाही, आणि तसा देखावा कोणी केलाच, तर तो फसवा ठरेल.

आता विरोधकांची बाजू. इराणच्या नतांझ प्रकल्पास २००८ मध्ये तत्कालीन राष्ट्राध्यक्षांनी भेट दिली, तेव्हाची छायाचित्रे अधिकृतपणे प्रसिद्ध करण्यात आली होती. त्यांतील संगणकाच्या पडद्यावरून यंत्रांची रचना तज्ज्ञांना पुढे ताडता आली. हवाई बेटांच्या आपत्कालीन संस्थेत २०१७ मध्ये टिपलेल्या एका छायाचित्रात पडद्याला चिकटवलेल्या चिठ्ठीवरचा पासवर्डही स्पष्ट दिसत होता. आपल्याकडे कुडनकुलम प्रकल्पाच्या प्रशासकीय जाळ्यात घातक प्रणाली शिरल्याचे अणुऊर्जा महामंडळाने ऑक्टोबर २०१९ मध्ये मान्य केले. आदल्याच दिवशी प्रकल्पाने मात्र असे काही शक्य नसल्याचे म्हटले होते. ती अभ्यागतामार्फत शिरली असे कोणीही म्हटलेले नाही. तथापि अशा वातावरणात सुरक्षा अधिकारी ‘नको’ म्हणतात, यात नवल नाही. माहिती तंत्रज्ञान कायद्यानुसार ‘संरक्षित’ म्हणून घोषित झालेल्या प्रणालीत अनधिकृत शिरकाव केल्यास दहा वर्षांपर्यंत कारावासाची तरतूद आहे, हेही लक्षात घ्यावे लागेल.

सुरक्षेइतकाच महत्त्वाचा, पण क्वचितच उच्चारला जाणारा मुद्दा पाळीवरच्या अभियंत्याचा आहे. अमेरिकेत १९७९ च्या थ्री माइल आयलंड दुर्घटनेत पहिल्या काही मिनिटांतच शंभराहून अधिक इशारे वाजले होते. अशा क्षणी पाठीशी शाळेची रांग उभी असावी, असे कोणालाही वाटणार नाही.

इस्रोने यातून काढलेला मार्ग उल्लेखनीय आहे. श्रीहरिकोट्यात २०१९ मध्ये प्रेक्षकांसाठी सज्जा खुला झाला, तो प्रक्षेपण पाहण्यासाठी. नियंत्रण कक्षात प्रवेश नाही. त्याच वर्षी ७ सप्टेंबरच्या पहाटे चांद्रयान-२ च्या अवतरणासाठी निवडक शालेय विद्यार्थी बंगळुरूच्या केंद्रात उपस्थित होते. विक्रमशी संपर्क तुटला आणि तो क्षणही त्यांनी पाहिला. त्याने संस्थेची पत घटली नाही.

वीज कंपन्यांनीही काचेआडचा सज्जा उभारावा, पडद्यावरील संवेदनशील तपशील झाकावेत, भ्रमणध्वनी बाहेर ठेवून घ्यावेत आणि प्रशिक्षणाच्या सिम्युलेटरवर विद्यार्थ्यांना कोसळलेले ग्रिड पुन्हा उभे करून दाखवावे, हे शक्य आणि इष्ट दिसते. खर्च फारसा नाही. अडचण परवानगीच्या फायलीची आहे. भेटीचा दिवस कोणता, हे जनसंपर्क विभागाने ठरवावे. परंतु भेट सुरू असताना काचेवरचा पडदा केव्हा ओढायचा, हा अधिकार पाळीवरच्या प्रमुख अभियंत्याकडेच असला पाहिजे. मग बाहेर उभा असलेला पाहुणा मंत्री असो वा आठवीचा विद्यार्थी.