समाधान नेमके कशाचे?

रुग्णालयातून घरी निघालेल्या माणसास ‘उपचाराने समाधान झाले काय?’ असे विचारले, तर तो सहसा ‘होय’ म्हणतो. चंद्रपूर-गडचिरोलीच्या जंगलपट्ट्यात या होकारात कृतज्ञता, डॉक्टरांविषयीची भीड आणि पुन्हा याच दारी यावे लागेल ही जाणीव यांचा वाटा मोठा असतो. केंद्र सरकारने २०१६ साली ‘मेरा अस्पताल’ ही व्यवस्था सुरू करून लघुसंदेश व दूरध्वनी यांद्वारे रुग्णांचे मत नोंदविण्यास आरंभ केला. हेतू स्तुत्य आहे. परंतु माडिया बोलणाऱ्या वृद्धेचे मत लघुसंदेशात कितपत मावेल?

हाताच्या दुखापतीत हा प्रश्न विशेष बोचतो. मनगटाचे हाड मोडले, प्लास्टर चढले, काही आठवड्यांनी निघाले. क्ष-किरण चित्रात हाड जुळलेले दिसले की दवाखान्याच्या दप्तरी रुग्ण बरा झाला. बोटे मात्र आखडलेली राहू शकतात. तेंदूपत्त्याच्या हंगामात मजुरी पुड्यांवर मिळते, आणि एका पुड्यात ७० पाने मोजून बांधावी लागतात. ज्याची मूठ वळत नाही, त्याचे पुडे कमी भरतात. धानाची रोवणी असो वा मोहफुले वेचणे असो, येथे हात हेच भांडवल आहे; त्याची झीज कोणत्याही ताळेबंदात दिसत नाही.

वैद्यकशास्त्रास याची जाण नाही असे नव्हे. १९९६ साली प्रसिद्ध झालेली ‘डॅश’ ही ३० प्रश्नांची प्रश्नावली खांदा, दंड व हात यांनी कोणती कामे जमतात हे विचारून शून्य ते शंभर असा अंक काढते. परंतु तिच्यात गोल्फ व टेनिसचाही उल्लेख आहे. तेव्हा केवळ भाषांतराने भागणार नाही. विचारावयाची कामेही बदलावी लागतील.

शिवाय समाधान अपेक्षेवर अवलंबून असते. अमर्त्य सेन यांनी २००२ साली निदर्शनास आणले की, दीर्घ आयुर्मानाच्या केरळात आजारपणाची तक्रार अधिक, तर मागास बिहारात ती कमी आढळते. ज्याने चांगली सेवा पाहिलीच नाही, तो थोडक्यात संतुष्ट होतो. अशा संतोषाचे गुण मोजून शासनाने स्वतःची पाठ थोपटून घेणे योग्य नव्हे.

विचारण्याची खरी रीत शिकण्यास दूर जावयास नको. डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांनी १९८६ साली स्थापन केलेल्या ‘सर्च’ संस्थेने आदिवासींना मोठ्या इस्पितळाची भीती का वाटते, हे त्यांच्याकडूनच जाणून घेतले. मग त्यांच्या गावासारखा, झोपड्यांचा दवाखाना उभारून त्यास दंतेश्वरी देवीचे नाव दिले. तेथे मत आधी विचारले गेले, इमारत नंतर झाली.

हाताच्या रुग्णास तीन महिन्यांनी, त्याच्या घरी, त्याच्या बोलीत तीन प्रश्न विचारावेत: विळा धरता येतो काय? पुडा बांधता येतो काय? मजुरी पूर्वीइतकी पडते काय? हे काम आशा कार्यकर्तीकडे सोपवावयाचे, तर तिला त्याचे वेगळे मानधन मिळाले पाहिजे. आणि उत्तर ‘नाही’ आल्यास तालुक्याच्या ठिकाणीच व्यायामोपचाराची सोय झाली पाहिजे. एरवी समाधानाची मोजणी म्हणजे रुग्णाच्या तोंडून घेतलेली पोचपावतीच ठरेल.