‘अल्पशा आजाराने’

आपल्या मंडळाच्या अंकातील श्रद्धांजलीच्या सदरात ‘अल्पशा आजाराने निधन झाले’ हे वाक्य इतक्या वेळा छापले गेले आहे, की त्याखाली कोणकोणती दुखणी झाकली गेली याचा हिशेब आता कोणाजवळही नसेल. त्यामागची वृत्ती मी जाणतो. घरातले दुःख घरात राहावे, आणि दान द्यावयाचे तर ते या हाताचे त्या हाताला कळू नये असे द्यावे, या संस्कारांत वाढलेल्या आपणांस, मार्च महिन्यात चित्रविचित्र टोप्या घालून, मेजावर दिवंगत मुलाचे छायाचित्र आणि शेजारी घरी भाजलेले केक मांडून, मेंदूच्या अर्बुदावरील संशोधनासाठी निधी जमविणारे ब्रिटिश कुटुंब पाहिले, की सहानुभूतीबरोबर थोडा संकोचही वाटतो. तो संकोच अनाठायी आहे, असे मला येथे प्रतिपादावयाचे आहे.

मेंदूतील अर्बुदांचे शंभराहून अधिक प्रकार आहेत. म्हणून प्रत्येक प्रकाराचे रुग्ण थोडे, आणि त्यामुळे औषध-कंपन्यांची आस्थाही थोडी. शिवाय रक्तातील अपायकारक द्रव्यांपासून मेंदूचे रक्षण करणारी जी निसर्गाची तटबंदी, तीच बहुतेक औषधांनाही वेशीवर अडविते. परिणाम असा, की ब्रिटनमध्ये बालके व चाळिशीच्या आतील माणसे यांचे जितके बळी ही अर्बुदे घेतात, तितके दुसरा कोणताही कर्करोग घेत नाही.

यावर कोणी म्हणेल, की हे काम सरकारी खजिन्याचे. शोकाकुल आईबापांनी त्यासाठी झोळी का फिरवावी? आक्षेप रास्त आहे, पण अर्धाच. माजी मंत्री टेसा जॉवेल यांनी, स्वतः या व्याधीने ग्रस्त असताना, जानेवारी २०१८ मध्ये लॉर्ड्सच्या सभागृहात भाषण केले. त्याच वर्षी मे महिन्यात त्या निवर्तल्या, आणि सरकारने ४ कोटी पौंडांची तरतूद जाहीर केली. तथापि पाच वर्षे लोटली तरी त्या रकमेचा मोठा भाग पडूनच होता. मंजुरीस पात्र असे अर्जच पुरेसे येत नाहीत, हा सरकारचा खुलासा. अर्ज यावेत तरी कोठून? जेथे आरंभीची चाचपणी करावयास, एखाद्या तरुण संशोधकास दोन-तीन वर्षे निर्वेधपणे चुकू द्यावयास पैसा नाही, तेथून परिपक्व योजना सरकारदप्तरी दाखल होत नाहीत. हे पहिले पाऊल टाकावयास कुटुंबांची वर्गणीच उपयोगी पडते.

टेमोझोलोमाइड हे औषध १९८०च्या दशकात बर्मिंगहॅमच्या अ‍ॅस्टन विद्यापीठात माल्कम स्टीव्हन्स व त्यांचे सहकारी यांनी सिद्ध केले, ते लोकांच्या देणग्यांवर चालणाऱ्या एका कर्करोग-संस्थेच्या पाठबळावर. ग्लायोब्लास्टोमा या मेंदूच्या अर्बुदाच्या रुग्णांना किरणोपचारांच्या जोडीस ते दिल्यावर, दोन वर्षे जगणाऱ्यांचे प्रमाण शेकडा १० वरून २६ वर गेल्याचे २००५ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत दिसले. सरासरी आयुष्य मात्र अवघ्या अडीच महिन्यांनी वाढले. वर्गणीने काय साधते आणि किती साधावयाचे उरले आहे, या दोहोंचे माप या आकड्यांत आहे.

आणि नाव घेऊन दान देण्याची रीत आपणांस परकी तरी कोठे आहे? मेहेरबाई टाटा १९३१ साली वेल्समध्ये रक्ताच्या कर्करोगाने निवर्तल्या. पुढल्याच वर्षी दोराबजींनी पत्नीच्या नावाने स्थापिलेला न्यास त्या रोगाच्या संशोधनास आजही देशोदेशी साहाय्य देतो. त्यांनी दुखण्याचे नाव झाकून ठेवले असते, तर तो पैसा एखाद्या सर्वसाधारण धर्मादायात विरून गेला असता.

म्हणून माझी सूचना अशी, की मंडळाच्या गणेशोत्सवाच्या जमाखर्चात मेंदूच्या अर्बुदावरील संशोधनासाठी एक स्वतंत्र खाते उघडावे. दिलेली रक्कम कोणत्या कामी लागली याची विचारणा दरसाल, भीड न बाळगता करावी. आणि सरकारी तरतूद पडून राहिल्यास आपापल्या खासदारास पत्र लिहावे. तत्पूर्वी एक बिनखर्ची गोष्ट संपादकांच्या हाती आहे. कुटुंबाची संमती असेल तेथे, पुढील अंकापासून, ‘अल्पशा आजाराने’ या शब्दांच्या जागी त्या आजाराचे नाव छापावे.