रामोजी बघायला जाऊ, आणायला नको

चवथ सरली की आमच्या घरात दोन विषय निघतात. यंदाचा नरकासुर किती उंच करायचा हा एक, आणि दिवाळीनंतर जायचं कुठं हा दुसरा. यंदा दोन्ही विषय एकमेकांत मिसळले. भाचा म्हणाला, "मामा, हैदराबादला जाऊया. मला रामोजी बघायची आहे."

भाचा विशीतला. अभ्यासात बेताचा. पण आमच्या वाड्यावरच्या नरकासुराचा सांगाडा गेली चार वर्षं तोच बांधतो. बांबू, तार, वर्तमानपत्रं, खळ आणि कुठून तरी काढून आणलेली जुनी मोटर. गेल्या दिवाळीत त्याचा नरकासुर मान वळवत होता आणि डोळे मिटत होता. तर या पोराला माहिष्मती बघायची आहे. 'बाहुबली'चा तो प्रचंड दरबार साबू सिरिल यांनी कशाचा आणि कसा उभा केला, जवळ जाऊन ठोकून बघितलं तर आवाज कसा येतो, हे त्याला जाणून घ्यायचं आहे. मला हे कारण फार आवडलं. लगेच वही काढून बेत लिहायला बसलो.

तेवढ्यात भावोजी म्हणाले, "जावा, जावा. नीट बघून या. आपल्या गोंयातही असंच एक व्हायला पायजे. याला घराकडेच नोकरी मिळेल."

हे वाक्य काही डोक्यातून जाईना. भावोजींपुढं वाद घालणं बरं दिसलं नाही, म्हणून इथं लिहितो. बेत आखता आखताच लिहितो, कारण माझं म्हणणं त्या बेतातच आहे.

पहिल्यांदा बेत. वास्कोहून सिकंदराबादेकडे जाणारी गाडी आठवड्यातून मोजक्याच दिवशी असते, तेव्हा सुट्टी गाडीच्या वाराप्रमाणे घ्यायची, गाडी सुट्टीप्रमाणे शोधायची नाही. कुळ्याहून घाट चढून, दूधसागर डोळे भरून बघून पुढं हुबळीकडे. हैदराबादेत उतरल्यावर रामोजीला पूर्ण एक दिवस द्यायचा. ती शहरापासून तीसेक किलोमीटरवर, विजयवाड्याच्या रस्त्याला आहे. सकाळी नऊला दार उघडतं, त्या वेळी दारात हजर असायचं. आत फिरवायला त्यांच्या बसगाड्या असतात, तरी पायांना काम पडतंच. म्हणून डिसेंबर-जानेवारी धरायचा. उन्हाळ्यात त्या उघड्या माळावर लहान मुलांना आणि म्हाताऱ्यांना नेणं म्हणजे छळ. दुसऱ्या दिवशी सालारजंग म्युझियम, आणि संध्याकाळी कोठी भागात जाऊन मराठी ग्रंथसंग्रहालय. निजामाच्या शहरात मराठी माणसांनी आपली पुस्तकं कशी जपली, तेही पोरानं बघावं.

बेत असा झकास आहे. आता भावोजींच्या वाक्याकडे येतो.

काही विद्वान मंडळी रामोजीला जाणाऱ्यांना हसतात. "सगळं खोटं! प्लायवूड आणि प्लास्टर ऑफ पॅरिस! पैसे देऊन खोटी देवळं बघायची?" मला हा आक्षेप कधीच पटला नाही. आपण गोंयकारांनी तर तो करूच नये. जत्रेच्या रात्री देवळासमोर मांडवात बसून मराठी नाटक बघत आपण वाढलो. पाठीमागं एक राजवाड्याचा पडदा, एक रस्त्याचा, एक जंगलाचा. जंगलाचा पडदा वाऱ्यानं हलायचा आणि झाडांसकट आख्खं अरण्य पोट फुगवायचं. पडद्यामागं आमच्याच गावचा माणूस विडी ओढत बसलाय हे दिसायचं. तरी सीतेला पळवून नेली की आमच्या आज्या डोळे पुसायच्या. खोटं आहे हे माहीत असूनही रडणं, ही काही फसवणूक नव्हे. आपली नाटकाची सगळी परंपरा त्यावरच तर उभी आहे. तेव्हा रामोजीतलं मूर्ती नसलेलं देऊळ आणि आगगाडी न येणारं स्टेशन बघायला मी आनंदानं जाणार. तिथं सांगून-सवरून खोटं दाखवतात. हा प्रामाणिक धंदा आहे.

मग माझं भांडण कशाशी? "आपल्याकडेही असंच एक" या तीन शब्दांशी.

रामोजी तिथं का उभी राहिली याचा विचार आपण करतो का? ती १९९६ साली सुरू झाली, पण तिच्याआधी तिथं तेलुगू सिनेमाचा सबंध संसार होता. मद्रासेतून तेलुगू चित्रपटवाले हळूहळू हैदराबादेला येत गेले. १९७० च्या दशकात तिथं अक्किनेनी नागेश्वर राव यांचा अन्नपूर्णा स्टुडिओ उभा राहिला. २०२४ च्या जूनमध्ये वारलेले रामोजी राव स्वतः 'ईनाडू' हे मोठं वृत्तपत्र १९७४ पासून चालवत होते, आणि चित्रपट काढत होते. म्हणजे आधी सिनेमा, आधी प्रेक्षक, आधी कारागीर, आणि मग नगरी. आपण मात्र आधी नगरी बांधू म्हणतो. सिनेमा काय, मागाहून येईल!

तो मागाहून येतोच असं नाही, हे बघायला हैदराबादेपर्यंत जायची गरज नाही. कोल्हापूरचंच बघा. बाबूराव पेंटरांनी १९२० साली तिथं 'सैरंध्री' काढला. १९२९ साली तिथंच प्रभात फिल्म कंपनी सुरू झाली. त्या वेळी त्या गावात कुठली सरकारी चित्रनगरी होती? होते ते सुतार, रंगारी, पडदे रंगवणारे, कुस्तीगीर आणि पदरमोड करणारी वेडी माणसं. पुढं प्रभात १९३३ साली पुण्याला गेली. पुष्कळ नंतर सरकारनं कोल्हापूरला चित्रनगरी बांधली, आणि ती कित्येक वर्षं ओस पडून राहिली. अलीकडच्या काळात डागडुजी होऊन तिथं पुन्हा चित्रीकरण होऊ लागलं हे चांगलंच झालं. पण ज्या कोल्हापुरात मराठी सिनेमा वाढला, तिथंही नुसत्या जागेनं आणि भिंतींनी सिनेमा आणला नाही. आमच्याकडे आणेल?

आता जागेचं बघू. रामोजीचा पसारा सोळाशेहून अधिक एकरांचा, म्हणजे जवळजवळ पावणेसात चौरस किलोमीटर. जगातलं सर्वांत मोठं चित्रपट-स्टुडिओ संकुल म्हणून गिनीजमध्ये त्याची नोंद झालेली आहे. तेलंगणाचं क्षेत्रफळ १,१२,००० चौरस किलोमीटरच्या वर. गोवा सगळा मिळून ३,७०२. आपण त्यांच्या तिसाव्या हिश्श्याएवढे! आपल्याकडचा प्रस्ताव रामोजीएवढा मोठा नाही हे मान्य. पण लहान घरात लहान कपाटसुद्धा वाट अडवतं.

आणि ते कपाट ठेवायचं कुठं? २०२४ साली लोलयेच्या भगवती सड्यावर चित्रनगरी आणायची चर्चा झाली आणि गावातून तिला विरोध झाला. त्याआधी याच सड्यावर आयआयटी आणायचीही चर्चा होऊन गेली होती. पणजीत बसून नकाशा बघणाऱ्याला सडा म्हणजे मोकळी जागा वाटते. झाड नाही, घर नाही, शेत नाही. मग पडूनच आहे ना! वैशाखात सड्यावर उभं राहिलं तर तसंच दिसतं, त्यांना पूर्ण दोष देत नाही. पण आषाढात जाऊन बघा. जांभा दगड पाणी पितो. पावसाचे चार महिने तो पीत राहतो आणि पुढचे महिने खाली झरीतून थोडं थोडं सोडत राहतो. त्या पाण्यावर खालचं कुळागर जगतं, विहीर भरते, वायंगणाचं शेत होतं. श्रावण-भाद्रपदात त्याच उघड्या खडकावर इवल्या इवल्या फुलांचे गालिचे होतात. माटोळीला लागणाऱ्या किती तरी वस्तू आपल्या आया-आज्या डोंगरातून आणि सड्यावरूनच आणत आल्या. सडा ही गावाची पाण्याची टाकी आहे. टाकीवर राजवाड्याचा सेट बांधला तर राजवाडा दिसेल, खाली नळाला मात्र काही येणार नाही.

भावोजी म्हणतील, "पण रोजगार?" हा प्रश्न मी हसून सोडणार नाही, कारण तो खरा आहे. माझ्या भाच्याचाच आहे. पण खुर्ची ओढून हिशेब करूया. चित्रनगरीत कामं कुठली? कला-दिग्दर्शक मुंबईहून किंवा चेन्नईहून येईल, आपली माणसं घेऊन येईल, कारण त्याला ओळखीचा हात लागतो. गावच्या पोरांना काय उरेल? दारावरचा पहारा, तिकीट फाडणं, बस चालवणं, झाडणं. या कामांत कमीपणा नाही. पण त्यासाठी सडा देणार? पोराच्या बोटांत नरकासुराची मान वळवायची करामत आहे आणि आपण त्याला शिटी देऊन दारात उभं करणार?

आणखी एक सांगतो, थोडं लागेल असं. गोव्यात चित्रनगरी नाही असं म्हणणंच मला चुकीचं वाटतं. आपण सगळा गोवाच सेट करून ठेवला आहे! 'दिल चाहता है' २००१ साली आला, तेव्हापासून शापोऱ्याच्या किल्ल्यावर येणारे पाहुणे त्या तिघा मित्रांसारखे तटावर बसून फोटो काढतात. आदिलशाही, मराठे आणि पोर्तुगीज ज्याच्यासाठी झगडले, तो किल्ला आता एका गाण्या-गोष्टीच्या सिनेमाची जागा. दोनापावलला 'एक दूजे के लिए' आणि 'सिंघम' यांच्या नावानं माणसं येतात. दूधसागराला 'चेन्नई एक्सप्रेस'वाला धबधबा म्हणतात. रामोजीत खोट्याला खरं भासवतात, आणि संध्याकाळी दिवे मालवतात. आपल्याकडे मात्र खऱ्या गावाला खोटं करून ठेवलंय, आणि तिथं राहणाऱ्या माणसांना संध्याकाळी घरी जायला दुसरं गाव नाही.

"मग गोव्यात सिनेमाच नको का?" हवा ना! आणि तो झालेलाही आहे. हैदराबादेत वाढलेल्या श्याम बेनेगलांनी 'त्रिकाल' (१९८५) लोटलीला मारिओ मिरांडांच्या खऱ्या घरात चित्रित केला. आमच्या लक्ष्मीकांत शेटगांवकरांचा 'पलतडचो मनीस' (२००९) महाबळेश्वर सैलांच्या 'अदृष्ट' कादंबरीवर, रानात चित्रित झाला आणि टोरांटोला समीक्षकांचा फिप्रेसी पुरस्कार घेऊन आला. दोघांनाही सोळाशे एकर लागले नाहीत. घराला घर म्हणून आणि रानाला रान म्हणून बघणारी नजर मात्र लागली.

तेव्हा मागायचंच असेल तर हे मागूया. २००४ पासून इफ्फी गोव्यात भरते. दर नोव्हेंबरात लाल गालिचा अंथरतो. त्याच पणजीत, एखाद्या जुन्या इमारतीत, नरकासुर करणाऱ्या, शिगम्याचे चित्ररथ उभे करणाऱ्या आणि जत्रेच्या नाटकाचे पडदे रंगवणाऱ्या हातांना सेट बांधायची कला शिकवणारी एक शाळा काढा. गोव्यात चित्रीकरणाला येणाऱ्या प्रत्येक कंपनीनं त्यातली चार पोरं कामाला घ्यावीत, अशी अट घाला. जुने पडदे कुठल्या तरी देवळाच्या माळ्यावर वाळवी खातेय, ते आणून जपा. यासाठी एक इंचही सडा लागत नाही.

असो. बेत ठरला आहे. भाच्याला सांगून ठेवलंय की वही घ्यायची. माहिष्मतीसमोर माझे फोटो काढत बसायचं नाही. सांधे कुठं जोडलेत, वजन कशावर पेललंय, पावसापासून रंग कसा राखलाय, ते बघायचं आणि लिहायचं. जमलं तर तिथल्या एखाद्या सुताराशी दोन शब्द बोलायचे.

आणि भावोजी, तुम्हीही चला. तिकिटाचे पैसे माझे. दिवसभर फिरून झाल्यावर त्या माळावर जरा उभे राहा आणि विचार करा, हे सगळं उचलून लोलयेच्या सड्यावर ठेवलं तर खालच्या कुळागरातल्या माडाला पाणी कुठनं द्यायचं? उत्तर सापडलं तर मला सांगा. मी हा लेख मागं घेईन.