पंजा किलोवर नको, ट्रॅक्टरच्या मापावर करा

नागपूर-भंडारा रस्त्यावरील मौदा हा धानाचा तालुका. येथील तणस, बाभळीचे ओंडके आणि भंगार हलविण्यासाठी लहान ट्रॅक्टरच्या पुढच्या लोडरला मिटणारा पंजा, म्हणजेच ग्रॅपल, बसविता येतो. पण गिऱ्हाईक मोठ्यात मोठा पंजा मागते आणि कारागीर तो करून देतो. आमच्या मते दोघेही चुकतात.

पहिली चूक उचलीची. १५ हॉर्सपॉवरच्या महिंद्रा युवराज २१५ ची उचल ७७८ किलो सांगितली जाते. पण ती मागच्या हायड्रॉलिकची. पुढच्या लोडरची उचल वेगळी असते आणि त्यातून पंजाचे स्वतःचे वजन वजा होते. समजा, लोडर ३०० किलो उचलतो. १८० किलोचा पंजा लावला तर मालासाठी १२० किलोच उरतात. ११० किलोचा लावला तर १९०. शिवाय माल पिनेपासून जितका पुढे, तितकी उचल आणखी कमी.

दुसरी चूक रुंदीची. मागच्या दोन चाकांच्या बाहेरच्या कडांमधील अंतर टेपने मोजा. पंजा तेवढा किंवा दोन-चार इंच जास्त असावा. कमी असला तर ओंडके चाकाखाली येतात. फार रुंद असला तर एका टोकाला अडकून लोडरचे हात पिळतात. जड भार उंच उचलला की मागची चाके हलकी होतात आणि ट्रॅक्टर उलटण्याचा धोका असतो. म्हणून मागे वजन बांधावे व भार जमिनीलगत ठेवूनच चालावे.

आता आमच्या वेल्डिंगवाल्या बांधवांसाठी एक शब्द. १० मिलिमीटर जाडीची एक चौरस मीटर प्लेट साडेअठ्ठ्याहत्तर किलो भरते, ६ मिलिमीटरची सुमारे ४७. काम किलोच्या भावाने घेतले की जड पंजात कारागिराचा फायदा आणि गिऱ्हाइकाचे नुकसान. हा हिशेबच मोडला पाहिजे. जाड प्लेट दात आणि पिनेच्या जागीच वापरा, बाकी सांगाडा हलका ठेवा आणि मजुरी नगावर ठरवा. ट्रॅक्टर दारात उभा करून मोजल्याशिवाय लोखंड कापू नका.

हलका पंजा करणाऱ्याला आज चार पैसे कमी मिळतील. पण ज्याचा ट्रॅक्टर शाबूत राहिला, तो गिऱ्हाईक दुसऱ्याला घेऊन त्याच दुकानात येईल.