नुसती सूचना पुरेशी नव्हे

बँकेच्या खात्यापासून रेल्वेच्या आरक्षणापर्यंत आपल्या व्यवहाराची बहुतेक दप्तरे आज ज्या डेटाबेसांत साठविली जातात, त्यांना प्रश्न विचारण्याची एसक्यूएल ही भाषा, सीक्वेल या मूळ नावाने, १९७४ मध्ये आयबीएममधील चेंबरलिन व बॉइस या दोघांनी मांडली; आणि लांबलचक नावाच्या तक्त्यास त्या प्रश्नापुरते एखाद्या अक्षराचे टोपणनाव देण्याची जी सवलत या भाषेत आहे, तीच पुष्कळ संदिग्धतेचे उगमस्थान आहे. दोन तक्त्यांना एकच टोपणनाव दिले, अथवा दोहोंत असलेला रकाना कोणत्या तक्त्यातला हे सांगितले नाही, तर मायएसक्यूएल व पोस्टग्रेस या प्रणाली हुकूम साफ नामंजूर करतात. ते उचितच होय.

पोस्टग्रेसचा पूर्वीचा रिवाज मात्र निराळा होता. ‘कर्मचारी’ या तक्त्यास ‘क’ म्हणण्याचे ठरवून पुढे कोणी चुकून मूळ नावच लिहिले, तर ती प्रणाली ते नाव वेगळ्या तक्त्याचे समजून तोच तक्ता दुसऱ्यांदा जोडीत असे, तशी एक ओझरती सूचना देत असे, आणि हजार नोंदींच्या ठिकाणी हजार गुणिले हजार, म्हणजे १०,००,००० ओळी निमूटपणे हाती ठेवीत असे. हा औदार्याचा प्रकार २००५ च्या ८.१ आवृत्तीत मूलतः बंद ठेवण्यात आला व २०१० च्या ९.० आवृत्तीत समूळ काढला गेला. आज तीच प्रणाली हुकूम फेटाळते, आणि ‘आपणांस क हे टोपणनाव अभिप्रेत असावे’ असा खुलासाही करते. कारकुनी शिष्टाचाराचा याहून चांगला नमुना विरळा!

परंतु एक चोरवाट अद्याप उघडीच आहे. जुन्या ग्राहकांच्या मागण्या रद्द करताना उपप्रश्नातील तक्त्यात नसलेल्या रकान्याचे नाव टोपणनावाशिवाय लिहिले, आणि तो रकाना बाहेरच्या तक्त्यात असला, तर प्रमाणित नियमानुसार तो तेथलाच मानला जातो. आतील तक्त्यात एक जरी ओळ असली तरी ग्राहक-क्रमांक नोंदलेली प्रत्येक मागणी पुसली जाते, आणि इशारा असा मिळतच नाही. बाहेरच्या रकान्याचा असा उल्लेख कित्येकदा हेतुपुरस्सर असतो, हा आक्षेप मला मान्य आहे. तथापि निदान नोंदी पुसण्याच्या हुकमात तरी असा बिननावाचा उल्लेख अडवावा. ज्यास बाहेरचाच रकाना हवा आहे, त्यास टोपणनावाची दोन अक्षरे अधिक टंकावी लागतील, एवढाच काय तो भुर्दंड.