सत्कृत्य हाच श्रद्धेचा देह

चेन्नईच्या उपनगरी लोहमार्गावर दक्षिणेकडे जाताना, प्रेषित थॉमस यांना जेथे हौतात्म्य आले अशी परंपरा आहे तो सेंट थॉमस माउंट प्रथम लागतो आणि काही स्थानके मागे टाकल्यावर, क्षयरोग्यांच्या आरोग्यधामावरून नाव पडलेले तांबरम सॅनिटोरियम येते. श्रद्धेसाठी प्राण देण्याचा प्रसंग लाखांत एखाद्यावर येतो. आजाऱ्याच्या दारी जाण्याचा प्रसंग प्रत्येक कॅथलिकावर वारंवार येतो. तरीही पहिल्याचे सण साजरे होतात आणि दुसऱ्याला केवळ समाजकार्य म्हणून बाजूला सारले जाते. ही वाटणी धर्माला धरून नाही, असे आमचे स्पष्ट मत आहे. आणि तिच्या समर्थनार्थ जे आक्षेप पुढे केले जातात त्यांचा क्रमाने परामर्श घेणे अगत्याचे आहे.

पहिला आक्षेप असा की, रुग्णसेवा हे धर्मभगिनींचे आणि संस्थांचे काम आहे. प्रापंचिकाने रविवारची मिस्सा चुकवू नये, यथाशक्ति वर्गणी द्यावी, एवढ्याने त्याचे कर्तव्य पुरे होते. या म्हणण्याला एके काळी वस्तुस्थितीचा आधार होता. डॉ. डेव्हिड चौरी मुथू यांनी १९२८ साली तांबरमचे आरोग्यधाम उभारले आणि १९३७ साली ते सरकारच्या ताब्यात गेले, त्या काळी क्षयावर हुकमी औषधच नव्हते. रोग्याला घरातून हलवून मोकळ्या हवेत, सकस अन्नावर, महिनोन्‌महिने विश्रांतीत ठेवणे हाच उपचार, आणि त्यामुळे रोगी कुंपणाच्या आत व शेजारी बाहेर, हीच रीत होती. परंतु १९५६ साली मद्रासमध्ये सुरू झालेल्या क्षयचिकित्सा-केंद्राने शहरातल्या गरीब रुग्णांचे दोन गट करून, एकाला आरोग्यधामात व दुसऱ्याला त्याच्या दाटीवाटीच्या घरीच वर्षभर तीच औषधे दिली, तेव्हा दोन्हीकडचा गुण जवळजवळ सारखा आला आणि घरी ठेवलेल्या रोग्यांमुळे कुटुंबीयांना अधिक बाधा झाल्याचेही आढळले नाही. या निष्कर्षाने जगभरची क्षयचिकित्सा बदलली. रोगी आपल्या गल्लीत परत आला, आणि सेवा संस्थेवर सोपवून मोकळे होण्याची सबब त्याबरोबर संपुष्टात आली.

आज साध्या क्षयाचा उपचार सहा महिन्यांचा असतो. सकाळी उपाशीपोटी गोळ्या घ्यायच्या. त्यांनी लघवी नारिंगी होते, मळमळते, अन्नावरची वासना जाते. आणि काही आठवड्यांनी खोकला थांबून अंगात हुशारी आली की आता औषध कशाला, असे वाटून पाकिटे फळीवर तशीच पडून राहतात. रोग उलटतो आणि औषधांना दाद देईनासा होतो तो बहुधा येथूनच. अशा वेळी जी शेजारीण कांजीचे भांडे घेऊन येते, आजची गोळी घेतलेली डोळ्यांनी पाहिल्यावाचून उठत नाही आणि रोग्याच्या मुलांना आपल्या मुलांबरोबर शाळेत पोचवते, तिचे कृत्य क्षुल्लक म्हणणाऱ्याने लिझ्यूच्या संत तेरेजाचे चरित्र पाहावे. पंधराव्या वर्षी मठात शिरून चोविसाव्या वर्षी, १८९७ साली, याच क्षयाने गेलेल्या या मुलीच्या दिनक्रमात धुणे, झाडलोट आणि एका चिडखोर वृद्ध भगिनीला हात धरून भोजनगृहात नेणे, असलीच कामे होती. आणि मठात शिरल्यावर त्याबाहेर पाऊल न टाकलेल्या तिलाच १९२७ साली पोप अकरावे पायस यांनी मिशनकार्याची आश्रयदात्री म्हणून घोषित केले. पुढे दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६४ साली पवित्रतेचे पाचारण सर्व ख्रिस्तीजनांना आहे, असे निःसंदिग्ध शब्दांत सांगितले, ते याच विचाराचे शास्त्रीय रूप होय.

दुसरा आक्षेप असा की, ही कामे नास्तिकही करतो, मग यात श्रद्धा ती कोठे? नास्तिक ती करतो हे खरे, आणि त्याचा आम्हाला आनंदच आहे. श्रद्धा सत्कृत्याची मक्तेदारी मागत नाही. ती मागते सातत्य. दया हा मनाचा उमाळा आहे आणि उमाळा ओसरतो. सहा महिन्यांच्या कंटाळवाण्या वाटचालीत, रोगी चिडून दार लावून घेईल त्या दिवशीही पुन्हा जायचे, हे बंधन कॅथलिकाच्या मनावर प्रार्थना घालते. म्हणून मिस्सा सोडून सेवा करा, असे आम्ही म्हणत नाही. मिस्सेत जे स्वीकारले ते दारोदार पोचवा, असे म्हणतो.

तिसरा आक्षेप दुहेरी आहे: परके म्हणतात सेवा हे धर्मांतराचे आमिष, आणि आपले काहीजण तिला स्वर्गाच्या खात्यावरची जमा समजतात. दोघांनाही मत्तयकृत शुभवर्तमानाचा पंचविसावा अध्याय उत्तर देतो. तेथे ज्यांचा गौरव होतो त्यांना आपण भुकेल्याला, आजाऱ्याला, कैद्याला मदत करताना प्रभूचीच सेवा केली, याची वार्ताही नव्हती. ज्याने फळाचा हिशेब मांडला नव्हता तोच तेथे उत्तीर्ण होतो. मग आमिष दाखविणारा आणि पुण्याचा जमाखर्च लिहिणारा यांना त्या न्यायासनापुढे स्थान कोठले? सेवेला धर्मांतराची अट घालणे हा सौदा होय, आणि त्याची तरफदारी आम्ही कदापि करणार नाही.

तात्पर्य, प्रत्येक धर्मग्रामाने आपल्या गल्ल्यांतून कोण आजारी, कोण एकटा, कोणाची चूल बंद, याची माहिती ठेवावी. ज्यांची ऐपत असेल त्यांनी २०२२ पासून चालू असलेल्या 'निक्षय मित्र' योजनेत नाव नोंदवून एखाद्या क्षयरोग्याच्या मासिक शिध्याची तजवीज करावी. आणि ज्यांच्यापाशी केवळ वेळ आहे त्यांनी तोच द्यावा. हे करताना रोग्याचा धर्म विचारू नये, आपला लपवू नये. कृतीवाचून श्रद्धा मृत आहे, हा याकोबाचा निर्वाळा ज्याला मान्य आहे, त्याने आपली श्रद्धा जिवंत असल्याचा पुरावा शेजाऱ्याच्या घरी द्यावा. अन्यत्र दिलेला पुरावा अपुरा आहे.